पहाटे तीनचा घाम : धसक्याचा की शुगरचा?

(पत्र लांब असल्याने थोडक्यात देत आहोत. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.)

"माझं वय ४४. अडीच वर्षांपूर्वी लग्नाहून रात्री परतताना हायवेवर आमच्या गाडीला ट्रकने मागून ठोकलं. धाकटी बहीण माझ्या शेजारीच बसली होती, ती जागच्या जागी गेली. माझं कॉलरबोन मोडलं, ते जुळलं. पण मोठा हॉर्न वाजला की अजून छातीत धस्स होतं. गाडीत बसत नाही. आधी आठवड्यातून दोन-तीनदा अपघाताचं स्वप्न पडायचं. गेले पाच महिने तर जवळजवळ रोज पहाटे तीनला जाग येते, अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत असतात. स्वप्न आठवतंच असं नाही. उठून चहा करते, सहा-सात बिस्किटं खाते, मग बरं वाटतं.

दीड वर्षापूर्वी शुगर निघाली. माहेरी कुणालाच नाही. सध्या ग्लिमेपिराइड १ आणि मेटफॉर्मिन ५०० एकत्र असलेली गोळी सकाळ-रात्र घेते. मानसोपचारतज्ज्ञांनी रात्री मिर्टाझापिन १५ आणि क्लोनाझेपाम अर्धा दिलं आहे. वजन ६१ वरून ६८ झालं. म्हणून पाच महिन्यांपासून संध्याकाळी सहानंतर जेवण बंद केलंय. तरी परवाचा रिपोर्ट : उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २२४, एचबीएवनसी ८.१, हिमोग्लोबिन ९.४. घरचे म्हणतात, चोरून खाते. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. धसक्याने शुगर होते का? मन ताळ्यावर आलं तर ती जाईल का? वजन वाढवणाऱ्या मनाच्या गोळ्या बंद करू का? कधी वाटतं, त्या दिवशी तिच्याऐवजी मीच गेले असते तर बरं झालं असतं."

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं पुढे आहेत. पण पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात अशा काही गोष्टी आहेत, त्यातली एक आज रात्रीपुरतीसुद्धा लांबणीवर टाकता येणार नाही.

तुम्ही रात्रीचं जेवण बंद केलंत, गोळी मात्र चालू ठेवलीत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा धोकादायक उतरत नाही, पण ग्लिमेपिराइड उपाशीपोटी घेतलं तर उतरू शकते, आणि ती उतरते तेव्हा काय होतं? दरदरून घाम, थरथर, धडधड, जीव घाबरा होणं. खाल्लं की दहा-पंधरा मिनिटांत बरं. जेवण बंद केल्याला पाच महिने झाले आणि रोजची जाग सुरू झाल्यालाही पाच महिनेच झाले. हा योगायोग असूही शकेल, पण तो तपासल्याशिवाय सोडायचा नाही.

म्हणून आज रात्री आठच्या सुमारास जेवा. भाकरी, भाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, थोडं दही. गोळी जेवणाच्या वेळीच घ्या. उद्या सकाळी शुगरच्या डॉक्टरांना फोन करून एवढंच सांगा : "मी पाच महिने रात्री जेवत नव्हते, गोळी घेत होते, पहाटे घाम येऊन जाग येते." डोस कमी करायचा की गोळी बदलायची हे ते ठरवतील. तुम्ही मनाने अर्धी करू नका, आणि ज्या रात्री जेवणार नसाल त्या रात्री गोळी घेण्याआधी विचारा.

दुसरी गोष्ट तुमच्या शेवटच्या वाक्याची. सोबतचं माणूस गेलं आणि आपण वाचलो, याची बोच अपघातातून वाचलेल्या पुष्कळांना लागून राहते. या दुखण्यातलंच ते एक लक्षण आहे, त्यामुळे ते डॉक्टरांपासून लपवू नका. हा विचार नुसता येऊन जातो, की जीव कसा द्यायचा हेही मनात घोळतं? घोळत असेल तर आजच यजमानांना सांगा आणि टेलिमानसला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. तसं काही घोळत नसलं तरी गोळ्यांचा साठा यजमानांकडे असू द्या, तुमच्याजवळ आठवड्यापुरत्याच ठेवा. तुमच्या औषधांत शुगरच्या आणि झोपेच्या अशा दोन्ही गोळ्या आहेत, म्हणून हे सांगणं भाग आहे.

आता पहाटे तीनबद्दल. घाम धसक्याचा की उतरलेल्या शुगरचा, हे अंगाला कळत नाही, कारण दोन्ही वेळा शरीराची धोक्याची तीच यंत्रणा जागी होते आणि ॲड्रिनलिन, म्हणजे भीतीच्या वेळचं संप्रेरक, सुटतं. शुगर फार उतरली की शरीर ती वर ओढायला ॲड्रिनलिन सोडतं, आणि भीतीच्या स्वप्नातही तेच सोडतं. बिस्किटांनी बरं वाटलं म्हणजे शुगर उतरलीच होती असंही नाही. गोड पदार्थाने आणि उजेडात चहा उकळत उभं राहण्याने भीतीही ओसरते. उलट, स्वप्न अपघाताचं होतं म्हणून शुगर ठीकच होती असंही धरू नका. ज्या शरीराने ॲड्रिनलिनची ओळख त्या रात्रीशी जोडून ठेवली आहे, त्यात ते शुगर उतरल्याने वाढलं तरी आठवण तीच येते. निवाडा ग्लुकोमीटरच करेल.

उशाशी एक डबा ठेवा : मीटर, पट्ट्या, सुई, वही-पेन, साखरेची छोटी डबी, चमचा, पाण्याची बाटली, टॉर्च. जाग आली की आधी दिवा लावा. बोटं ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. बोटाला बिस्किटाचा किंवा फळाचा अंश असेल तर आकडा खोटा चढा येतो. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करा, दमट हवेत त्या बिघडतात. आकडा लिहायचा आणि मगच काय ते करायचं.

आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर अर्धा कप पाण्यात विरघळवून प्या. म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. १५ मिनिटांनी परत तपासा. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर. ७० च्या वर आली की अर्धी भाकरी किंवा कपभर दूध घेऊन झोपा आणि सकाळी डॉक्टरांना कळवा. एकदाही ५४ च्या खाली दिसली तर "पुढच्या भेटीत सांगू" असं करू नका. यजमानांनाही एक गोष्ट माहीत हवी. तुम्ही हाकेला ओ देत नसाल तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

७० ते १०० च्या मधला आकडा फसवा असतो. महिनोन्महिने दोनशेच्या घरात राहिलेल्या शरीराला ८५-९० सुद्धा उतरल्यासारखं वाटतं आणि थरथर होते. यात साखर लागत नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, उतरत नसेल तर पुढच्या परिच्छेदातलं करा.

दीडशे-दोनशे असेल तर ती जाग बहुधा धसक्याची, आणि त्यावर बिस्किटं म्हणजे चढ्या शुगरवर आणखी भर. तेव्हा पाय थंड फरशीवर टेकवा. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आजचा वार आणि तारीख म्हणा, गार पाण्याने तोंड धुवा. मग चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं. खोल श्वासाच्या मागे लागू नका. भराभर खोल श्वास घेतले की हातापायाला मुंग्या येतात आणि घाबरं जास्त होतं. बाहेर सोडायचा श्वास लांबवणं महत्त्वाचं. चहा हवाच असेल तर बिनसाखरेचा आणि अगदी फिका. खरं तर तोही नको, कारण त्या चहाने पुढची झोप जाते.

एवढं सात रात्री करा. सोबत तीन दिवस झोपण्यापूर्वी, सकाळी उठल्यावर आणि प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनीही मोजा. ते पान डॉक्टरांना तुमच्या आजवरच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा जास्त सांगेल.

कारण रिपोर्टांतही घोळ आहे. पहाटे तीनला चहा-बिस्किटं आणि सकाळी लॅबमध्ये रक्त, तर तो १६८ उपाशीपोटीचा नव्हेच. उपाशीपोटी म्हणजे निदान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. सहा-सात बिस्किटं आणि साखरेचा कपभर चहा म्हणजे तीस ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात होती. या आकड्यावर रात्रीची गोळी वाढवली गेली, तर शुगर आणखी उतरेल, तुम्ही आणखी खाल, आणि पुढचा रिपोर्ट आणखी चढा येईल. हे चक्र बऱ्याच घरांत चालतं आणि चोरून खाल्ल्याचा आळ मात्र बाईवर येतो.

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, तिच्यावरही पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. हिमोग्लोबिन ९.४ हे लोहाच्या कमतरतेने असेल तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसू शकतं. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, डॉक्टरांना मात्र सांगा. रक्तगणना आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करून घ्या. मेटफॉर्मिन दीड वर्ष चालू आहे म्हणून बी-१२ सुद्धा बघा, आणि थायरॉइडसाठी टीएसएच. याचा अर्थ तुम्हाला मधुमेह नाही असा मात्र काढू नका. जेवणानंतरचे २२४ तसेच उरतात. मधुमेह आहे, पण किती आहे हे अजून नीट मोजलेलं नाही.

आता पहिला प्रश्न. धसक्याने शुगर होते का? होऊ शकते, पण "धसका बसला आणि शुगर झाली" इतकं ते सरळ नाही.

अमेरिकेत परिचारिकांचा एक मोठा अभ्यास आहे. त्यातल्या जवळपास ५० हजार स्त्रियांकडे २२ वर्षं लक्ष ठेवून २०१५ साली जे छापलं गेलं, त्यात मानसिक आघाताची लक्षणं सर्वांत जास्त असलेल्या स्त्रियांत टाइप-२ मधुमेहाचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. बारकाईने पाहण्यासारखं पुढेच आहे. या वाढीव धोक्याचा जवळपास अर्धा भाग वाढलेलं वजन आणि नैराश्याची औषधं या दोन गोष्टींत सापडला. म्हणजे आघात थेट स्वादुपिंडावर जाऊन बसत नाही, वाटेत झोप, ताट, हालचाल आणि गोळ्या लागतात. हे थांबे आहेत म्हणूनच हात घालायला जागा आहे.

भीतीच्या क्षणी ॲड्रिनलिन यकृताला साठवलेली साखर सोडायला सांगतं आणि इन्सुलिनला आवर घालतं. पळायचं असेल तर स्नायू ती साखर वापरतात. गादीवर पडल्या पडल्या घाबरलं तर ती रक्तातच राहते. दिवसातून दहा हॉर्न म्हणजे दहा छोटे चढ. त्यात झोप तुटते. १९९९ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात धडधाकट तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं, तेवढ्यावर त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद ढासळली. तुम्ही अडीच वर्षं तुटक झोपता आहात. तिसरा थांबा टाळण्याचा : गाडी टाळली, मग रस्ता टाळला, मग बाजार, आणि चालणंच संपलं. स्नायू हलले नाहीत की साखर जिरायला जागा राहत नाही.

कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाबद्दल तुम्ही बरंच ऐकलं असेल. ते यकृतातली साखर वाढवतं, पोटाभोवती चरबी साचवतं, हे खरं. पण दीर्घकाळ आघात बाळगणाऱ्यांत कॉर्टिसॉल चढलेलंच असतं असं नाही. अनेकांत ते सामान्य किंवा उलट कमीच सापडतं, कारण त्याला लगाम घालणारी यंत्रणा जास्त संवेदनशील होऊन बसते. म्हणून "स्ट्रेस पॅकेज" नावाने विकल्या जाणाऱ्या तपासण्या आणि ॲड्रिनल ग्रंथी थकल्या म्हणून दिली जाणारी चूर्णं, दोन्हींवर पैसे घालवू नका. अपवाद : पोटावर रुंद जांभळ्या रेघा, जरा लागलं की काळंनिळं, जिना चढताना मांड्यांत जोर न राहणं. असं असेल तर डॉक्टर स्वतःच कॉर्टिसॉल तपासतील. मात्र अपघातानंतर मान-खांद्यात दुखण्यासाठी इंजेक्शनं घेतली असतील, तर त्यांत स्टेरॉइड होतं का विचारा. ते काही दिवस ते काही आठवडे शुगर चढवतं. सांधेदुखीच्या बिनलेबल पुड्यांचंही तेच.

आणि पायाभरणी तुमची आधीच झाली होती. पत्राच्या तळाला तुम्ही लिहिलंय, "धाकट्याच्या वेळी पोटात असताना थोडी शुगर लागली होती, बाळंतपणानंतर गेली." गरोदरपणातली शुगर जाते, तिचा इशारा मात्र राहतो. अशा स्त्रीला पुढे मधुमेह होण्याची शक्यता कितीतरी पटींनी जास्त असते. माहेरी कुणाला नसूनही तुम्हाला का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं आपल्या बांध्यात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. दोघांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. दिसायला सडपातळ, आतून चरबी, असं आपलं शरीर. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेप वापरा. आपल्याकडे बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत हवा. महिन्यातून एकदा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून.

तर ज्या घरात सामान भरलेलं होतं तिथे धसक्याने काडी लावली, असं म्हणा. अपघात झाला नसता तरी कधीतरी शुगर येण्याची शक्यता होतीच, पण कदाचित उशिरा.

"चोरून खाते" म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणाचं केंद्र चालवत होते. वजन छान उतरत असलेलीच माणसं मधेच केंद्र सोडून जात. खोदून विचारल्यावर कळलं की त्यांतल्या अनेकांवर लहानपणी अत्याचार झाले होते आणि खाणं हा त्यांचा स्वतःपुरता शोधलेला उपाय होता. त्यातूनच पुढे १९९८ चा बालपणीच्या आघातांवरचा मोठा अभ्यास उभा राहिला. तुमची बिस्किटंही उपायच आहेत. उपाय काढून घ्यायचा तर त्याजागी दुसरा द्यावा लागतो, नुसत्या टोमण्याने ताटातला घास कमी होत नाही.

तिसरा प्रश्न आधी घेते, दुसरा त्याला धरून आहे. गोळ्या बंद करू का? एका रात्रीत बंद करू नका, पण आहेत तशाच चालू ठेवा असंही आमचं म्हणणं नाही. मिर्टाझापिन झोप आणतं आणि भूकही वाढवतं, विशेषतः गोडाची. सात किलोंत त्याचा हात असणं शक्य आहे. मानसोपचारतज्ज्ञांना वजनाचे आणि शुगरचे आकडे दाखवा आणि विचारा, "वजनावर कमी परिणाम करणारं काही चालेल का?" आघातासाठी सर्ट्रालिन नेहमी वापरलं जातं आणि ते वजनाला तुलनेने सौम्य आहे. मात्र अदलाबदलीच्या सुरुवातीला शुगर जास्त वेळा मोजा, कारण ग्लिमेपिराइडबरोबर ती उतरू शकते. क्लोनाझेपामचं वेगळं. ते आघातावरचा इलाज नाही, थोड्या दिवसांपुरतं ठीक. रोज घेतलं तर सवय लागते, आणि अचानक सोडलं तर झोप उडते, क्वचित झटकेही येतात. ते आठवड्यांच्या हिशेबाने पायरीपायरीने उतरवायचं, डॉक्टरांच्या हाताखाली. शुगर उतरलेली असताना झोपेच्या गोळीमुळे जाग उशिरा येऊ शकते, हा मुद्दाही त्यांच्या कानावर घाला. धडधडीसाठी कुणी प्रोप्रॅनोलॉल दिलं असेल किंवा पुढे दिलं, तर लक्षात ठेवा : ते शुगर उतरल्याची थरथर आणि धडधड झाकतं, घाम मात्र झाकत नाही.

मन ताळ्यावर आलं तर शुगर जाईल? पूर्ण जाईल असं आश्वासन देणार नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या २०१९ च्या एका अभ्यासात, ज्यांची आघाताची लक्षणं चांगली कमी झाली त्यांना पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचं प्रमाण इतरांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होतं. पण त्या लोकांना आधी मधुमेह नव्हता, आणि सुधारणेमुळेच हे झालं असं अशा अभ्यासाने सिद्ध होत नाही. तुमच्याबाबतीत अपेक्षा अशी ठेवा : झोप सुधारली, रात्रीचं खाणं थांबलं, चालणं सुरू झालं की आकडे उतरतील, कदाचित एखादी गोळी कमी होईल. शुगरचा इलाज मात्र मनाच्या इलाजाची वाट बघत थांबवायचा नाही. दोन्ही एकाच वेळी.

तुम्हाला पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक विकार, आहे की नाही, हे पत्रावरून आम्ही ठरवणार नाही. पण स्वप्नं, दचकणं, टाळणं, अपराधी वाटणं, हे महिन्याच्या वर टिकलं तर त्याची रीतसर तपासणी व्हायला हवी. तुमच्या पत्रात गोळ्यांचा उल्लेख आहे, बोलण्याच्या उपचाराचा नाही. ही सर्वांत मोठी उणीव. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्याची थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणींवर काम करणारी थेरपी), यांपैकी एक विचारा. साधारण आठवड्याला एक, तास-दीड तासाची, अशा आठ ते बारा बैठका लागतात, काहींना जास्त. समोरच्याला आधीच विचारा : अपघातानंतरच्या आघातावर तुम्ही कोणती पद्धत वापरता? आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद) क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी आहे का? "सकारात्मक विचार करा" एवढंच उत्तर मिळालं तर दुसरीकडे जा. जवळ कुणी नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात चौकशी करा. तुम्ही गाडीत बसत नाही, तेव्हा सुरुवातीच्या बैठका व्हिडिओवर घेता येतात का तेही विचारा.

पहिल्या काही बैठकांनंतर स्वप्नं वाढू शकतात आणि त्या दिवसांत शुगरही चढू शकते. उपचार लागू पडत नाही असं समजून काही लोक इथेच सोडतात. बैठकीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मोजा, लिहा, थेरपिस्टना सांगा.

घरच्यांचा एक हमखास उपाय असतो : "एकदा उचलून गाडीत बसवा, भीती जाईल." जात नाही. भीती शिगेला असताना माणूस दार उघडून उतरला, तर "उतरले म्हणून वाचले" हेच मनात पक्कं होतं. पायऱ्या अशा असतात : अंगणात उभ्या, बंद गाडीत दार उघडं ठेवून बसणं, मग दार लावून, मग इंजिन चालू, गाडी जागेवर, मग दिवसा गल्लीतून एक फेरी. प्रत्येक पायरीवर भीती निम्मी होईपर्यंत बसून राहायचं, वीस मिनिटं लागोत की चाळीस. हे थेरपिस्टबरोबर ठरवून करा, हायवे अगदी शेवटी.

स्वप्नांसाठी एक गोष्ट घरी सुरू करता येते. दिवसा, रात्री नाही, एखादं कमी भीतीचं स्वप्न वहीत लिहा. मग त्याचा शेवट बदला, तुम्हाला हवा तसा. नवी गोष्ट रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून मनात चालवा. अपघाताच्या स्वप्नापासून सुरुवात करू नका. झोपेसाठी उठायची वेळ पक्की करा, सहा तर सहा, रात्र कशीही गेली तरी. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका, आणि वीसेक मिनिटांत लागली नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसा. दुपारी चारनंतर चहा नको. यजमानांना विचारा, तुम्ही घोरता का, घोरताना मधेच श्वास थांबतो का? तसं असेल तर झोपेतल्या श्वासरोधाची तपासणी करून घ्या. त्यानेही पहाटे घाम आणि धडधड होते.

चालण्यासाठी रस्ता नकोच. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं गच्चीवर किंवा घरातल्या घरात फेऱ्या. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीतून हात न टेकता उठबस, दहाचे दोन हप्ते. सकाळी नुसते पोहे असतील तर त्यात मोड आलेली मटकी घाला किंवा सोबत अंडं घ्या, पोहे निम्मे करा. संध्याकाळच्या उपासाचा नाद, ग्लिमेपिराइड चालू आहे तोवर, सोडा.

यजमानांसाठी तीनच कामं. झोपेत ओरडलात तर गदागदा हलवायचं नाही, लांबून नाव घेऊन हाक मारायची आणि दिवा लावायचा. रात्री मीटर धरायला मदत करायची. ताटावर बोलायचं नाही.

तुमच्या दोन डॉक्टरांची एकमेकांशी गाठ पडलेली दिसत नाही, म्हणून खालची चिठ्ठी वहीच्या पानांवर लिहून, ती फाडून दोघांनाही द्या.

"अडीच वर्षांपूर्वी अपघात, बहीण गेली. तेव्हापासून दचकणं, स्वप्नं, गाडी टाळणं. वाचल्याची खंत, कधी मरणाचे विचार. गरोदरपणात शुगर होती. पाच महिने रात्री न जेवता ग्लिमेपिराइड घेतलं. पहाटे ३ ला घाम, थरथर. तेव्हाचे सात रात्रींचे आकडे मागच्या बाजूला. मागचं 'उपाशीपोटी' रक्त चहा-बिस्किटांनंतर दिलं होतं. हिमोग्लोबिन ९.४. चालू औषधं : ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन, मिर्टाझापिन, क्लोनाझेपाम. वजन ६१ वरून ६८. विचारायचं : रात्रीची शुगरची गोळी? वजन न वाढवणारं औषध? आघातावरची थेरपी कुणाकडे? डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, लिपिड, रक्तदाब कधी?"

एचबीएवनसी तीन महिन्यांनी करा, त्याआधी नको. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर ते लॅबच्या रिपोर्टवर पेनने लिहून ठेवा. नंतर आकडा अचानक उतरलेला दिसला, तर त्यातलं किती लोहामुळे आणि किती शुगर खरंच उतरल्यामुळे, हे डॉक्टरांना ताडून बघता येईल.